हाताला न लागणारा ताप

तात्यांना तुम्ही नमस्कार करा, ते उलट नमस्कार करणार नाहीत. ते तुमच्या कपाळाला हात लावतील. पालथा हात. क्षणभर डोळे मिटतील आणि म्हणतील, "कणकण आहे थोडी." मग तुम्ही कितीही सांगा की अहो, मी आत्ता उन्हातून आले, ताप-बिप काही नाही. उपयोग शून्य. "हाताला लागत नाही तो आतला ताप. तो जास्त वाईट," असं म्हणून खिशातून पांढरी गोळी बाहेर येते.

नोकरीभर ते आरोग्यसेवक होते. सूर्यमाळचे पाडेच्या पाडे त्यांनी पायी तुडवले. तिथल्या म्हाताऱ्या त्यांना लांबून बघूनच ओरडायच्या, "ताप नाय मला, तात्या, चुलीपुढनं उठलेय!" तरी तात्या हात लावायचेच. पुढे तात्या निवृत्त झाले, हात काही निवृत्त झाला नाही. जव्हारला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मागच्याच आळीत तात्यांचं घर. दिवसातून चार वेळा दुकानात येतात आणि माझ्या गिऱ्हाइकांची कपाळं तपासतात. जामसरचा एक माणूस सातबाऱ्याची प्रत काढायला आला होता, तो घाबरून मूळ कागद मशीनवरच ठेवून पळाला. मी चिडले, तर मलाच म्हणतात, "शैला, तुला पित्त झालंय."

ही एक खोड. दुसरी याच्या बरोब्बर उलटी. स्वतःच्या पाया मात्र कुणाला पडू देत नाहीत. दसऱ्याला माझी मनवा सोनं द्यायला गेली आणि जरा वाकली की तात्या टुणकन कॉटवर, पाय पोटाशी. "पाया पोटच्या पोरांनी पडायचं. मला पोर नाही, मला तो मान नाही. चल, कपाळ दाखव!" हे असं अंगावर खेकसून. पोरगी दर वर्षी तोंड पाडून घरी यायची. त्यांची बायको, आमची काकू, गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही, आणि जे कुणी मायेनं येतं त्याला हा गृहस्थ असा हाकलून लावतो. खरं सांगते, मला त्यांचा रागच यायचा.

आणि याच माणसाबरोबर मी फिलिपीन्सला गेले.

झालं काय, आमच्या सेवा क्लबानं सूर्यमाळच्या एका पाड्यावर पाण्याची टाकी बांधली. तिला तिकडच्या एका क्लबाचा हातभार होता. त्यांनी आम्हाला त्यांच्या परिषदेला बोलावलं, पाहुणे म्हणून. अध्यक्षांचा पासपोर्ट वेळेत आला नाही, उपाध्यक्षांना विमानाची भीती. सभासदांत उरले तात्या, कारण त्यांना कशाचीच भीती नाही, आणि मी. मी सेक्रेटरी. क्लबाचे कागद फुकट छापून मिळतात म्हणून केलेली सेक्रेटरी.

मनिलापासून गाडीनं तीन तासांवरचं गाव. आमची उतरायची सोय लीझा नावाच्या शिक्षिकेच्या घरी. आम्ही गाडीतून उतरतोय तोच तिची आठ वर्षांची मुलगी मीआ धावत आली. तिनं तात्यांचा उजवा हात उचलला, पालथा केला आणि स्वतःच्या कपाळाला टेकवला.

"मानो पो," ती म्हणाली.

मी गोंधळले. तात्या अजिबात नाही. त्यांनी डोळे मिटले, हाताचा अंदाज घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. एवढीशी पोर, पण तिला कळतं कुणाला दाखवायचं ते. हिंदीत सांगतेय. मानो! ताप आहे, मानो!"

"आणि पो?"

"खोकला."

मागून लीझा आली. तिनंही तेच केलं. शेजारची चार पोरं आली, त्यांनीही तेच. रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा कपाळं झाली. तात्या हरखून गेले होते. जन्मभर ते कपाळांच्या मागे धावले, आणि इथं कपाळंच आपणहून चालत येत होती! त्यात प्रत्येक जण वाक्याच्या शेवटी 'पो' म्हणत होता. "घरच्या घर खोकतंय," तात्या म्हणाले. "साथ आहे, शैला."

"अहो, पण ताप असलेली पोरं अंगणात चेंडू खेळतील का?"

"आतला ताप!"

आणखी एक घोळ. तात्यांनी नाव सांगितलं 'तात्या', पण सगळे म्हणत 'तातय'. तात्या दर वेळी सुधारायचे, "तातय नव्हे. तात्या. त्या. त्या!" त्यावर मीआ हसून मान डोलवायची, "येस, तातय पो." तात्या मला म्हणाले, "जीभ जड झालीय पोरीची. तापात होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तो स्वयंपाकघरात तात्या. लीझाच्या परसात गवती चहा होता, तो त्यांनी ओरबाडून आणला होता. त्यात आलं आणि आपल्या पिशवीतला काडेचिराईत घालून पातेलंभर काढा उकळत ठेवला होता. नाश्त्याला भात आणि तळलेली सुकी मासळी होती. ती बघून तात्यांचा चेहरा खुलला, पण आजाऱ्यांना सोसणार नाही म्हणून सगळी स्वतःच खाल्ली. मग एकेकानं यायचं, हात कपाळाला लावायचा, 'मानो पो' म्हणायचं, आणि तात्यांनी त्याच्या हातात काढ्याचा पेला द्यायचा. एकानं म्हणून नाही म्हटलं नाही! डोळ्यांत पाणी यायचं बिचाऱ्यांच्या, पण शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. तिसऱ्या दिवशी शेजारची माणसं स्वतःचे पेले घेऊन आली. हे काय चाललंय, ते मला काही केल्या कळेना.

परिषदेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. आम्हाला टाकीबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. मी भाषण छापून तात्यांच्या हातात दिलं होतं. तात्यांनी माइकपुढे उभं राहून कागदाची घडी केली, खिशात घातली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "डियर फ्रेंड्स! युवर टाउन, फुल फीवर. इनसाइड फीवर. आय चेक विथ हँड. व्हेरी मेनी पीपल. ऑल्सो कफ!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

लीझाच उठून माइकपाशी आली. आधी ती इतकी हसली की तिला बोलता येईना. मग तिनं सावकाश इंग्रजीत समजावलं. इथं कुणाला ताप नाही. वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावायचा, हा त्यांचा नमस्कार. 'मानो पो' म्हणजे आशीर्वाद द्या. 'पो' म्हणजे काय, ते मीच मध्ये विचारलं; खोकला नव्हे, आपलं अहो-जाहो. "आणि आम्हाला वाटलं," ती म्हणाली, "भारतात आशीर्वादावर कडू पाणी प्यावं लागतं."

लोकांनी टाळ्या वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं. मीही हसत सुटले. हसता हसता विचारलं, "मग 'तातय' म्हणजे काय?"

"वडील," लीझा म्हणाली. "बाबा."

तात्या हसत नव्हते. ते मंचावरून उतरले आणि मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा. मी जवळ गेले.

"शैला, म्हणजे ही सगळी माझ्या पाया पडत होती?"

"तसंच म्हणायचं."

"आणि बाप म्हणत होती मला?"

"हो."

"मग ही फसवणूक झाली गं. मला पोर नाही, हे त्यांना कुठं माहीत आहे?" ते हाताकडे बघत म्हणाले, "भावकीत एकदा बारसं होतं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायचं चाललं होतं. तुझी काकू हौसेनं पुढे झाली. बाळाच्या आत्यानं तिच्या हातातून बाळ काढून घेतलं. म्हणाली, तुम्ही नको. भरल्या घरात. ही घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली. मी त्या दिवशी ठरवलं. जो मान तिला नाही, तो मला नको. कुणाकडूनच नको."

इतकी वर्षं मी या माणसाला तुसडा म्हणत होते. माझी मलाच लाज वाटली.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं घर अंगणात उभं होतं. तात्या दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसून उभे. मीआ पुढे आली, थांबली. त्यांच्या खिशाकडे बघत राहिली.

"सांग तिला," तात्या मला म्हणाले, "मला पोर नाही म्हणावं."

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. लीझानं ते मीआला तिच्या भाषेत सांगितलं. मीआनं ऐकून घेतलं, पण त्याचा आणि हाताचा काय संबंध, ते काही तिला कळलेलं दिसलं नाही. तिनं सरळ तात्यांच्या खिशात हात घातला, त्यांचा हात बाहेर ओढला आणि कपाळाला लावला. "मानो पो, तातय."

हात तिथंच राहिला. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी राहिला.

"ताप आहे का हो, तात्या?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. "आहे थोडा. जरा राहू दे हात."

यंदाच्या दसऱ्याला मनवा जायला तयारच नव्हती. मी बळंच पाठवली आणि मागोमाग गेले. ती सोनं देऊन वाकणार, तोच तात्या सवयीनं कॉटवर चढले. पाय पोटाशी घेतले. मनवाचं तोंड पडलं. ती वळली.

"थांब," तात्या म्हणाले. "पाया नको. हात घे."

त्यांनी हात पुढे केला. काय करायचं ते मी मनवाला घरी करून दाखवलं होतं. तिनं तो पालथा करून कपाळाला टेकवला.

"आणि ते म्हण," तात्या म्हणाले.

"काय?"

"माझं नाव. तिकडचे म्हणतात तसं. चुकवून."

"तातय," मनवा म्हणाली.

तात्यांनी डोळे मिटले. ताप आहे की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.