दाराजवळची टाइल

आजोबांना एखादी गोष्ट समजली, की ती नातीला समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यात आज बाथरूमची नवी फरशी पुरी होणार होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी संध्याकाळी दवाखान्यातून घरी येणार होती. तिचा पाय घसरता कामा नये, म्हणून टाइल आजोबांनी जातीने निवडली होती.

"सिरॅमिक म्हणजे बिस्कीट, वरून चॉकलेटचा लेप! पोर्सिलेन मात्र भट्टीत जास्त तापवतात. घट्ट! ती पाणी पीत नाही आणि ही आपली आतबाहेर एकाच रंगाची."

"कशावरून?"

झालं! आजोबांनी भिंतीच्या उरलेल्या सिरॅमिक टाइल्सपैकी एक पालथी करून पाणी टाकलं. टाइलने ते गटकन पिऊन टाकलं. मग दाराबाहेर टेकवलेली पोर्सिलेनची आणली. तिच्या पाठीवर पाणी पाहुण्यासारखं बसून राहिलं, हलेचना!

"पण आतला रंग?"

आजोबांनी हातोडी घेतली. सिरॅमिक एका टोल्यात फुटली. आत लाल माती. पोर्सिलेनवर हातोडी टणकन उडाली.

"बघितलंस? किती चिवट!"

"पण आत कुठे दिसलं?"

आता आजोबाही पेटले. त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून टोला हाणला. दोन तुकडे!

"करडी! आरपार करडी!" दोघांनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या ऐकून मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "आजोबा, दाराजवळ बसवायची शेवटची टाइल इथे टेकवली होती. करडी."

"आरपार करडी," नात म्हणाली.

दुकानात फोन केला. तो माल संपला होता. पुढच्या आठवड्यात या म्हणाले.

"भिंतीची एखादी लावून टाक ना," आजोबा पडेल आवाजात म्हणाले.

"ती तुकतुकीत, आजोबा! पाणी पडलं की आजींची घसरगुंडी!"

शेवटी मिस्त्रीने तिथे लवकर वाळणारं सिमेंट भरलं आणि पुटपुटत निघून गेला.

संध्याकाळी आजी काठी टेकत थेट बाथरूममध्ये शिरली. बाहेर आजोबा श्वास रोखून उभे. आतून काठीची टकटक ऐकू आली, मग थांबली. आजी बाहेर आली.

"फरशी बरी आहे. पण दाराजवळ तो सिमेंटचा चौकोन आहे ना, तिथे काठी कशी छान घट्ट टेकते! सगळीकडे तसंच का नाही केलंत? टाइल्सचं हे खूळ कोणाचं?"

"दुकानदाराचं," आजोबा म्हणाले.