मैनेचा जिना

आपणच आराखडा काढलेल्या इमारतीची वास्तुशांत उद्या सकाळी आहे, ही बातमी वर्षाराणीला तिच्या सासूबाईंकडून कळली, आणि तीही भाकरी थापता थापता.

"बाळासोनं मैनेला घिऊन बोलावलंय," आक्का म्हणाल्या. "पयलं पाऊल गाईचं पडाय पायजे म्हणतोय. तू येनार हाईस न्हवं?"

वर्षाराणीचा हात परातीतच थांबला. बाळासो म्हणजे आक्कांचे धाकटे भाऊ, तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा. कळंब्याच्या रस्त्याला त्यांनी इमारत उठवली होती. खाली दुधाचं आणि पेढे-बासुंदीचं दुकान, मधल्या मजल्यावर ऑफिस आणि सगळ्यात वर लग्नाचा हॉल. वर्षाराणीचं स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं मोठं काम. रंगरंगोटी होऊन इमारत नटून उभी होती, पण वापरायला काढायची परवानगी अजून मिळायची होती. ती मिळायला आर्किटेक्टनं आधी एका वाक्याखाली सही करावी लागते. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि माणसांना वावरायला सुरक्षित आहे, असं ते वाक्य. वर्षाराणीनं ही सही अडवून धरली होती, आणि त्यावरून अख्ख्या घरात तिच्याशी लोक जपून बोलत होते.

भांडण मागच्या जिन्याचं होतं. हॉलला दोन जिने पाहिजेत हा नियम. पुढचा जिना बाळासोमामांनी आपल्या हौसेनं सजवला होता. वर्षाराणीनं खडबडीत फरशी सांगितली होती, त्यांनी तोंड दिसेल असा काळा ग्रॅनाइट बसवला आणि बाजूला काचेचा कठडा. मागचा जिना मात्र तिनं म्हटल्याप्रमाणे झाला होता. दोन्ही बाजूंना भिंती, रुंद पायऱ्या, टाकी मारून खडबडीत केलेला दगड आणि खाली बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. तो तसा झाला, कारण त्या बाजूला पाहुणे फिरकणार नव्हते. बांधून झाल्यावर मामांनी त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, दुधाचे रिकामे कॅन, बंद पडलेला फ्रीझर असं सगळं भरलं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं.

तिनं समजावून पाहिलं होतं. मामांचं म्हणणं एकच. "माणसाला तोंड एकच आस्तंय की. मग घराला दोन कशाला?" शिवाय गावात सम्राट नावाचे दुसरे एक आर्किटेक्ट आहेत आणि ते गाडीतनं न उतरता सही करतात, हेही त्यांनी जेवायला वाढता वाढता सहज सांगून टाकलं होतं.

आता दुसऱ्या दिवशी बाराला अग्निशमन खात्याचे इंगवले साहेब पाहणीला यायचे होते. ती वेळ वर्षाराणीनंच ठरवून घेतली होती. साहेबांनी स्वतः तो जिना पाहिला, म्हणजे मामांना पटेल असा तिचा हिशोब. मामांचा हिशोब वेगळा निघाला. साहेब यायच्या आत पूजा, जेवण सगळं उरकायचं आणि दारात मांडव दिसू द्यायचा नाही. तिनं फोन केला तर त्यांनी उचलला नाही.

सकाळी ती पोचली तेव्हा मैना वर गेलेली होती.

मैना म्हणजे आक्कांची खिलार गाय. पांढरीशुभ्र, शिंगं उभी टोकदार, आणि स्वभाव आक्कांसारखा. म्हणजे आपल्या माणसाला लोणी, परक्याला शिंग. तिच्यासाठी जिन्यावर खालपासून वरपर्यंत लाल गालिचा अंथरला होता. त्यावरून ती वासरासकट एखाद्या पाटलिणीसारखी चढली, हॉलभर हिंडली, भटजींच्या ताटातले तांदूळ खाल्ले आणि सगळ्यांनी तिला हात जोडले. वर पन्नासेक माणसं जमली होती. कोपऱ्यात आचाऱ्यानं गॅसच्या मोठ्या शेगड्या मांडून मसालेभाताची तयारी चालवली होती.

वर्षाराणीनं मामांना बाजूला घेतलं आणि परवानगीआधी इथं माणसं जमवता येत नाहीत, स्वयंपाक तर मुळीच करता येत नाही, हे होईल तितक्या हळू आवाजात सांगितलं. मामा म्हणाले, घरचीच तर माणसं आहेत. तिनं मागच्या जिन्याची किल्ली मागितली. मामांनी खिशावर हात ठेवला आणि जेवणं झाल्यावर बघू म्हणाले.

तेवढ्यात मांडववाल्याच्या माणसांना फोटोसाठी गालिचा कमी पडला. गाय तर चढून झाली, म्हणून त्यांनी जिन्यावरचा गालिचा गुंडाळून आणला आणि पूजेपुढं पसरला. त्यांची काही चूक नव्हती. गाईला उतरायचंही असतं, हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

आक्का वासराला चारत बसल्या होत्या. मैनेला कंटाळा आला असावा. ती आपली आपण जिन्याकडं वळली आणि उतरायला लागली. चार पायऱ्या बऱ्या गेल्या. पुढं ग्रॅनाइटवर तिचा खूर सटकला, तशी ती खडखडत मधल्या लँडिंगपर्यंत गेली आणि तिथं आडवी उभी राहिली. एका बाजूला काच, काचेखाली थेट दुकान दिसतंय. तिनं खाली बघितलं, पाय रोवले आणि ठरवून टाकलं, आता इथून हलायचं नाही.

पहिल्यांदा सगळे हसले. मग भटजी निघाले. त्यांना कबनूरला दुसरी वास्तुशांत गाठायची होती. ते दोन पायऱ्या उतरले, मैनेनं फक्त मान वळवली, आणि भटजी परत येऊन शांतपणे पाटावर बसले. कुणीतरी सुचवलं, गालिचा पुन्हा टाका. वरून सोडलेला गालिचा उलगडत गेला तो मैनेच्या पाठीवर. ती फुरफुरली, शिंगानं गालिचा उडवून खाली फेकला आणि जास्तच आडवी झाली. आक्का गोड बोलून आल्या, रागावून आल्या. मैना त्यांचा हात चाटत होती, पण पाय उचलत नव्हती.

आणि ह्याच वेळी आचाऱ्यानं लाल मिरचीची फोडणी टाकली.

हॉलच्या मोठ्या काचा शोभेच्या होत्या, त्या उघडत नव्हत्या. ठसका आधी म्हाताऱ्यांना लागला, मग पोरांना, मग सगळ्यांना. माणसं जिन्याकडं धावली आणि शिंगं बघून मागं फिरली. मागं फिरणारे पुढं येणाऱ्यांवर आदळले. एका बाईनं पोराला छातीशी धरून विचारलं, दुसरी वाट कुठं हाय. वर्षाराणीनं मामांकडं बघितलं. खोकून खोकून त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण चेहरा पांढरा पडला होता तो खोकल्यानं नव्हे.

वर्षाराणीला त्या क्षणी भीती वाटली का, तर वाटली. पण ह्या हॉलची एक एक वीट तिनं आधी कागदावर पाहिली होती. कुठून वारा येतो आणि कुठून माणूस जातो हे तिच्याइतकं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं आधी गॅस बंद करायला लावला. मोरीजवळच्या दोन खिडक्या उघडणाऱ्या होत्या, त्या उघडल्या. म्हाताऱ्यांना नि पोरांना तिथं बसवलं. मग ती मामांपुढं जाऊन उभी राहिली आणि हात पुढं केला.

"मामा, किल्ली."

मामांनी किल्ली दिली. मग त्यांनाच आठवलं, कुलूप खाली आणि बाहेरून आहे.

खाली केरबा होता. मैनेला टेम्पोतनं आणणारा ड्रायव्हर. मामांनी खिडकीतनं त्याला हाक मारली आणि किल्ली रुमालात बांधून फेकली. रुमाल वाऱ्यानं सुटला. किल्ली पडली ती टेम्पोत, मैनेला चारायला आणलेल्या उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाड्याच्या ढिगात. केरबा ढिगात शिरला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. वरून पन्नास माणसं त्याला सल्ले देत होती, डावीकडं बघ, उजवीकडं बघ, आणि त्यात त्याचं डावं-उजवं वरच्यांच्या उलटं असल्यामुळं बराच वेळ गेला. अखेर किल्ली मिळाली, कुलूप निघालं. केरबानं दार ओढलं आणि आतल्या खुर्च्या धो धो त्याच्या अंगावर आल्या.

दार आतल्या बाजूला उघडणारं असतं, तर ते खुर्च्यांना अडून आज उघडलंच नसतं. ह्याच दारावरून मामा आणि ती अर्धा दिवस भांडले होते. पण आत्ता ते बोलून दाखवायला तिला सवड नव्हती.

वरून माणसांनी साखळी केली. भटजींनी सोवळं खोचलं आणि कॅन उचलले. खुर्च्या वर हॉलमध्ये यायला लागल्या, खालच्या रस्त्यावर जायला लागल्या. फ्रीझर दोन्हीकडचे लोक मिळून रेटत होते, आधी एकमेकांच्या विरुद्ध आणि मग वर्षाराणीनं ओरडून सांगितल्यावर एका दिशेला. मामा स्वतः शर्ट काढून बनियनवर राबत होते. इतके दिवस विनंत्या करून जो जिना रिकामा झाला नव्हता, तो बघता बघता मोकळा झाला. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. कुणी घसरलं नाही, कुणाला धक्का लागला नाही. खाली पोचलेला जो तो मोठ्यानं श्वास घेत होता आणि उगीचच हसत होता.

आक्का मात्र मैनेला सोडून उतरायला तयार नव्हत्या.

"आक्का, वासरू ह्या जिन्यानं खाली न्यायचं," वर्षाराणी म्हणाली. "ती मागनं येईल. हितं काच न्हाय, दोन्हीकडं भिंत हाय, आणि दगड खडबडीत हाय. तिचा पाय घसरणार न्हाय."

"नक्की?"

"मी काढलाय तो जिना."

आक्कांनी सुनेकडं एकदा नीट बघितलं आणि वासराचं दावं तिच्या हातात दिलं.

वासरानं हंबरडा फोडला, तशी मैना लँडिंगवरून वळली. चढायची तिला भीती नव्हतीच. ती वर आली, वासरामागं हॉल ओलांडला आणि मागच्या जिन्याशी येऊन पहिल्या पायरीचा वास घेतला. मग एक खूर ठेवला. तो घसरला नाही. दुसरा ठेवला. वर्षाराणी वासराला घेऊन पुढं, मैना मागं, तिच्या शेपटीला धरून आक्का, अशी ती वरात एक एक टप्पा उतरत खाली आली. खालचं दार कुणीतरी लोटून ठेवलं होतं. वर्षाराणी वासरासकट कडेला झाली. मैनेनं कपाळानं दार ढकललं आणि ते बाहेरच्या बाजूला सहज उघडलं.

दारात इंगवले साहेब उभे होते, हातात मापाची टेप घेऊन. मैनेनं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मैनेकडं बघितलं. मग ती वाड्याच्या टेम्पोकडं निघून गेली.

साहेबांनी रस्ताभर पसरलेल्या खुर्च्या बघितल्या, घामाघूम भटजी बघितले. हे काय चाललंय, असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. मामा बनियनवर पुढं झाले.

"मॉक ड्रिल, साहेब. आग लागली तर मानसं कशी भाईर पडत्यात, त्येचं प्रात्यक्षिक."

"आणि गाय?"

"वयस्कर मानसांच्या जागी धरलीया."

साहेबांनी वर्षाराणीकडं पाहिलं. ती मान हलवून मोकळी होऊ शकली असती. घरात सगळ्यांना ते आवडलं असतं. पण त्या वाक्याखाली सही तिची जाणार होती, मामांची नव्हे. तिनं सगळं सांगून टाकलं. परवानगीआधी पूजा घातली, वर स्वयंपाक केला, जिना आज सकाळपर्यंत बंद होता, पुढच्या जिन्यावर गाय घसरली ती ग्रॅनाइटमुळं, आणि काचा उघडत नाहीत. मामा तोंड फिरवून उभे राहिले. आक्का मधेच म्हणाल्या, "खरं हाय त्ये, पावणं," तेव्हा मामांचा शेवटचा आधारही गेला.

साहेब एकटेच मागच्या जिन्यानं वर गेले. ते खाली येईपर्यंत कुणी बसलं नाही. आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, परवानगी मिळेपर्यंत वर कुणी जायचं नाही. पुढच्या पायऱ्यांना न घसरणाऱ्या पट्ट्या, वरच्या काचा उघडत्या, आणि हा मागचा जिना आज आहे तसाच राहिला पाहिजे. ते न सांगता पुन्हा येऊन बघतील. एवढं झालं की त्यांची हरकत नाही. जिना त्यांनी मापून बघितला होता, बोटभरही चूक नव्हती.

वर्षाराणीला एकदम जाणवलं की सकाळपासून तिनं खांदे आवळून धरले आहेत. ते सैल झाले, तशी ती रस्त्यावरच्याच एका खुर्चीत बसली. कुणीतरी तिच्या हातात जिलेबी दिली आणि तिनं ती तिथंच खाल्ली. मामा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी शर्ट अंगात घातला, बटणं लावली. मग म्हणाले, "मॅडम, पट्ट्या कुठल्या रंगाच्या लावू?"

लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांनी तिला मॅडम म्हटलेलं आठवत नव्हतं. ती पिवळ्या म्हणाली.

जेवणाची पानं दुकानाच्या बाजूला मोकळ्या जागेत मांडली गेली. इंगवले साहेबांनी जेवायला नम्रपणे नकार दिला, पण ते जातही नव्हते. टेप खिशात घातली, काढली, पुन्हा घातली. मग ते टेम्पोशी वाडं खाणाऱ्या मैनेला लांबूनच न्याहाळत आक्कांजवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात लोकांनी सायकली, कपाटं, काय काय भरून ठेवलंय. मी ह्याच खात्यात असून माझं कोण ऐकत न्हाय बघा. ही गाय एक दिवस मिळंल काय?"

आक्कांनी मैनेकडं बघितलं, मग साहेबांकडं.

"मिळंल की," त्या म्हणाल्या. "पर जिना किती रुंद हाय, त्ये आदी माझ्या सुनेला दाखवा. ती सही करंल, मग पाठवतो."