तिनं दार उघडायला हवं होतं का?

"पुस्तकावरून आजवर कुणी कुणाची कॉलर धरलीय का? सांग ना! धरलीय?" गरम पाण्याच्या टबात पाय सोडत तात्यांनी बायकोला विचारलं.

"तुमच्या दुकानात काही सांगता येत नाही," बायको म्हणाली.

तिचंही खरंच होतं म्हणा! तात्यांचं सलून दोन खुर्च्यांचं. एकीमागे स्वतः तात्या, दुसरीमागे मेहुणा. दिवसभर उभं राहून तात्यांच्या पायांचे खांब झालेले आणि वर गिऱ्हाइकांची राजकारणावरून रोजची जुंपलेली. परवा तर एकानं पावडरचा डबा भिरकावला. आरशाला असा तडा गेला की आता येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची दोन नाकं दिसतात! त्यात समोर नवं गारेगार सलून उघडलेलं. भांडणाला विटून माणसं तिकडे वळली, तर आपण दोघं एकमेकांची दाढी करत बसणार, ही तात्यांना धास्ती.

म्हणून तात्यांनी डोकं लढवलं. दुकानात पाटी लागली, 'राजकारणावर बोलू नये. सध्या काय वाचताय ते सांगावे.'

आता तात्यांनी शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण धंद्याचा एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नाही! तो म्हणाला ऊन आहे, तर ऊन. पुढचा म्हणाला गारठा आहे, तर गारठा. मान डोलवायची आणि कात्री चालवायची. दमलेल्या माणसाला याहून सोपं काय असणार?

पहिले आले निवृत्त हेडमास्तर. नंबराची वाट बघणारा सगळा बाक त्यांच्या शब्दाबाहेर नसायचा. ते म्हणाले, "तात्या, काय कादंबरी आहे! नवरा एक दिवस न सांगता घर सोडून जातो. वीस वर्षांनी परत येऊन दार वाजवतो. आणि बायको दार उघडतच नाही! संपलं पुस्तक! अहो, उघडायला नको होतं का तिनं? माणूस दमून आलाय!"

"उघडायलाच हवं होतं," तात्या म्हणाले. दमलेल्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाटलंही.

हेडमास्तर इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पुस्तकच घेऊन आले. "ठेवा तुमच्याकडे. तुमच्यासारखा जाणकार विरळा!"

मग खुर्चीत बसले कोपऱ्यावरचे औषधवाले. हेडमास्तरांच्या तोंडून ऐकून त्यांनीही तीच कादंबरी आणलेली. "बरं केलं तिनं दार उघडलं नाही ते! वीस वर्षं कुठे उलथला होता?"

"बरंच केलं," तात्या म्हणाले. कात्री चालूच.

पुस्तक घरी आलं खरं, पण तात्या रोज उशाशी घेऊन पडायचे आणि दुसऱ्या ओळीवर घोरू लागायचे. शेवटी बायकोनंच ते त्यांच्या नाकावरून उचललं आणि वाचायला घेतलं.

आणि उजाडला रविवार! बाक भरलेला. एका खुर्चीत हेडमास्तर, शेजारच्या खुर्चीत औषधवाले. तात्यांना हे दिसलं तेव्हा उशीर झाला होता. हेडमास्तरांचा एक गाल उरकला होता आणि मेहुण्यानं औषधवाल्यांची अर्धी मिशी उतरवली होती.

"ती बाई दगडाच्या काळजाची!" हेडमास्तर म्हणाले.

"आणि तो नवरा काय, फुलाच्या काळजाचा?" औषधवाले उसळले. "तात्यांनासुद्धा माझंच पटलंय!"

"काहीतरीच! तात्या पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूचे आहेत!"

दोघांनी माना वळवल्या. तात्यांनी वस्तरा घाईघाईनं वर उचलला. बाकावरचे लोकही सरसावून बसले. अर्धे म्हणाले उघड, अर्धे म्हणाले नको उघडू.

"दोघांचंही बरोबर आहे," तात्या पुटपुटले.

"दोघांचं कसं? दार एकतर उघडं असतं, नाहीतर बंद!"

"जरासं... किलकिलं केलं असतं तर?"

"शेवटच्या पानावर ती दाराआडून काय म्हणते?" हेडमास्तरांनी शाळेतल्या आवाजात विचारलं. "सांगा!"

तात्यांची पिंढरी ठणकत होती. कंबर बोलत होती. खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं, तेही संपलं होतं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मी वाचलंच नाही हो पुस्तक."



"न वाचता मत?" हेडमास्तर म्हणाले.

"तेही दोन-दोन?" औषधवाले म्हणाले.

घटकाभरापूर्वी एकमेकांवर उसळणाऱ्या त्या दोघांचं या एका मुद्द्यावर असं काही एकमत झालं, की विचारू नका! दोघंही गळ्याची कापडं फेकून उठले. एकाच्या गालावर फेस, दुसऱ्याच्या ओठावर अर्धी मिशी. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं समोरच्या गारेगार सलूनमध्ये शिरले. त्यांच्यामागून सगळा बाक!

"भाऊजी, आता?" मेहुण्यानं विचारलं.

"आता पाटी काढ," तात्या म्हणाले, "आणि कुलूप लाव. राजकारणच बरं होतं बाबा. त्यात आरसा गेला, गिऱ्हाईक तरी राहिलं होतं."

भर दुपारी तात्या पाय ओढत घरी आले. डोळ्यांसमोर फक्त गरम पाण्याचा टब होता. त्यांनी कडी वाजवली.

"कोण?"

"कोण काय? मी! आज लवकर आलो."

"आलात होय? थांबा. आत्ताच संपवलं मी ते पुस्तक." बायकोचा आवाज भरून आला होता. "अहो, तुमचं काय मत? तिनं दार उघडायला हवं होतं का?"

तात्यांनी सवयीनं मान डोलवली. पण बंद दारापुढे मान डोलवून काय उपयोग!

"अगं, उघड ना दार! माणूस दमून आलाय!"

"वाटलंच मला!" आतून आवाज चढला. "तुम्हीसुद्धा त्या नवऱ्याच्याच बाजूचे!"

"अगं, मी माझ्याबद्दल बोलतोय!"

"तोही स्वतःबद्दलच बोलत होता!"

आणि आतली दुसरी कडी बसली. मग खिडकी उघडली, पुस्तक बाहेर आलं आणि तात्यांच्या हातात पडलं. "आधी वाचा. मग मत द्या. मग बघू दाराचं."

तात्या पायरीवर टेकले. चपला काढल्या, पुस्तक उघडलं. पहिली ओळ वाचली. आयुष्यात प्रथमच स्वतःचं मत बनवायचं म्हणून नेटानं दुसरी वाचली.

शेजारच्या काकू पिशवी घेऊन चालल्या होत्या. पायरीशी थांबून त्यांनी कौतुकानं विचारलं, "अगंबाई, वाचताय? चांगलं आहे का हो?"

तात्यांची मान हळूच खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली.

"हो ना? मग मीही आणते," काकू म्हणाल्या. "बाकी काही म्हणा, तुमचं मत म्हणजे पक्कं!"

तात्या घोरत होते.