शांतिकुंज इमारतीवरील अभ्यंगसंकटाची हकीकत

श्रीगजवदन आणि कुलस्वामिनी यांचे चरणी मस्तक ठेवून, डोंबिवली पूर्वेस शांतिकुंज नामे चौमजली इमारतीवर शके एकोणीसशे चवदा, आंगिरा नाम संवत्सरी, आश्विन वद्य चतुर्दशीस जो घोर प्रसंग गुदरला आणि केशरबाईसाहेबांनी तो ज्या शर्थीने निवारिला, त्याची हकीकत घडली तैसी लिहिली असे. पुढिलांनी वाचावी आणि मग नळ सोडावा.

केशरबाईसाहेब म्हणजे खाडीकाठच्या कोळीवाड्याची लेक. वृद्धापकाळी लेकाने तिसरे मजल्यावर आणोन ठेविले. लेक-सून दोघेही नोकरीस रवाना होत आणि दिवसभर बोलावयास भिंती उरत. म्हणोन दिवाळीचे सुट्टीत सायंकाळी गच्चीवर पोरांस गोष्ट सांगणे, ही त्यांची एकुलती जहागीर. पूर्वी ती सेक्रेटरी राजश्री हरिहरपंत यांजकडे होती. पंतांचे गोष्टीत लक्ष्मी येई, झाडलेले घर पाही, प्रसन्न होई आणि मग तात्पर्य सुरू होई, ते ऐकोन पोरे जिन्याचे वाटे पसार होत.

केशरबाईंनी तीच गोष्ट उचलिली आणि उलटी फिरविली. लक्ष्मी यावी म्हणोन अलक्ष्मीस केरसुणीने हाकलितात, हे सर्वांस ठाऊक. परंतु हाकललेली जाते कोठे, हे कोणी पुसले नव्हते. ती जिना चढते, गच्चीवरील टाकीत उतरते, गार पाण्यात गुडघे पोटाशी घेऊन बसते आणि वर्षभर केस विंचरिते. मग गळालेला केस नळाने खाली येतो, आणि ज्याचे अंगावर पडेल त्यास ती नावानिशी ओळखते. पोरे जागची हालली नाहीत. बाईसाहेबांस असा आनंद कोळीवाडा सोडल्यापासोन जाहला नव्हता.

चतुर्दशीचे पहाटे तळमजल्यावर गोदाताईंचे बादलीत लांब काळा केस आला. तो नळास गुंडाळिलेल्या तागाचा धागा, ऐसा पंतांचा निवाडा पडला, परंतु तोवर पोरांनी अंघोळीस साफ इन्कार केला होता. मोठी माणसे पोरांस हसली, आणि मग आपापले बादलीत डोकावली, आणि उटणे फासलेल्या अंगानिशी जिन्यात येऊन उभी राहिली. खासे पंतही पंचा गुंडाळोन दाखल जाहले. सूर्योदयापूर्वी न न्हाणारास नरक, ऐसे शास्त्र. अवघी इमारत नरकाचे वेशीवर उभी, आणि अंगावरील तेल थंडीने गोठो लागले.

तेव्हा पंतांनी हुकूम सोडिला की, अलक्ष्मी ज्यांनी आणिली त्यांनीच काढावी. न जमल्यास गच्चीस कुलूप आणि गोष्टी कायमच्या बंद. गोष्ट आपणच रचिली हे केशरबाई जाणोन होत्या. तरी स्वतःचे बादलीतही धागा पाहिल्यापासोन त्यांची अंघोळ तहकूब होती, हे त्यांनी कोणास सांगितले नव्हते.

मग सारी फौज गच्चीवर चढली. पंतांनी केरसुणी उगारिली, गोदाताईंनी सूप बडविले, बाकीच्यांनी ताटे वाजविली, आणि टाकीतून गुडगुड ऐसे उत्तर आले. फौज जिन्यापर्यंत हटली. पंत सर्वांचे पुढे होते, म्हणजे जिन्याकडील बाजूने.

त्या धांदलीत एका मुलीने केशरबाईंचा पदर ओढोन पुसले, "आजी, हिला इथूनपण हाकललं तर ही कुठे राहणार?"

आपलाही कोळीवाडा सुटला आणि तिसरे मजल्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसणे आले, हे मनात येऊन बाईसाहेबांचे डोळे भरले. त्यांनी पंतांचे हातची केरसुणी काढोन घेतली, घरून पाट आणि कढत पाण्याची बादली मागविली, पाट टाकीसमोर मांडिला आणि म्हणाल्या,

"बस गो बाय. इतकी वर्सा सगल्यांनी तुला हाकललीच, न्हाऊ कोनी घातली नाय."

मग त्यांनी रिकाम्या पाटावर तेल जिरविले, उटणे चोळिले, केस हलके हाताने सोडविले आणि कढत पाणी ओतिले. वाफ उठली. पोरे एकेक करोन जवळ सरकली आणि तांब्यासाठी भांडो लागली. कोणी पाठ चोळिली, कोणी डोळ्यांत उटणे न जाण्याची खबरदारी घेतली. पाटावर कोणी नव्हते, ऐसे त्या समयी कोणीही म्हणाले नाही.

तदनंतर पोरांनीच अंघोळीचा पुकारा केला आणि चारही मजल्यांचे नळ एकदम सुटले. केशरबाई स्वतः दोन बादल्या न्हाल्या. पंतांनी वडीलकीस शोभेल ऐसे सर्वांस पुढे जाऊ दिले आणि शेवटी आपण नळ फिरविला, तो टाकी रिकामी. आणि सूर्य उगवला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गच्चीची किल्ली केशरबाईसाहेबांकडे बहाल जाहली, इमारत नरकापासोन वाचली. आपलेकडील खर्ची पडले: सेक्रेटरी एक.