यंत्रात सुचलेला शेवट

"मामी, हललात तर चित्र बिघडेल हं," काचेपलीकडून भाची म्हणाली. "नाक खाजलं तरी हलायचं नाही."

तोवर मामींचं नाक खाजत नव्हतं. आता खाजायला लागलं.

भाची म्हणजे मामांच्या बहिणीची मुलगी. माणसाला नवं काही सुचतं तेव्हा त्याच्या मेंदूत काय चालतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. चित्रकार झाले, गणिती झाले, आता लेखक हवा होता, आणि घरच्या घरी मिळणारा लेखक एकच होता. मामींनी आधी "छे गं, माझ्या डोक्यात काय बघायचंय!" असं म्हणून घेतलं आणि संध्याकाळच्या आत आपल्या मेंदूचे फोटो निघणार असल्याचं सगळ्या जिन्याला सांगून टाकलं. मामा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "सापडला तर कळव."

मामांकडून याहून जास्त अपेक्षाही नव्हती. मामींची पुस्तकं निघाली, सत्कार झाले, पण या गृहस्थांनी बायकोची एक ओळ कधी वाचली नव्हती. कोणी विचारलंच तर "आपल्याला त्यातलं काही कळत नाही बुवा," म्हणत आणि चष्मा पुसायला लागत. मामी हे दुःख प्रत्येक मुलाखतीत हसत हसत सांगायच्या.

खरं दुःख मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बरेच दिवस त्यांना काही सुचतच नव्हतं. एका मासिकाने खूप वर्षांनी आठवणीने कथा मागितली, तीही शेवटाशी येऊन अडली होती. दोन बहिणी. वाटणीत आईचं शिलाई मशीन धाकटीकडे गेलं म्हणून थोरलीने त्यातली बॉबिनची डबी, खालचा दोरा असतो ती, काढून नेली. मशीन बंद, बोलणंही बंद. म्हातारपणी एक दिवस थोरली धाकटीच्या दारात येऊन उभी राहते. पुढे? पुढे काही नाही. महिनाभर ती दारातच उभी होती. बिचारीचे पाय सुजले असतील, असं मामींना वाटायचं. आणि आता मेंदूचे फोटो काढणाऱ्या या यंत्राने आत डोकावून 'इथे कोणी राहत नाही' असं सांगितलं तर?

केसांतले आकडे, कानातलं, पिना असं सगळं काढून ठेवून मामी त्या अरुंद बोगद्यात आडव्या झाल्या होत्या. हातात एक रबरी फुगा दिला होता. जीव घाबरला तरच दाबायचा. यंत्राने धडाड धडाड सुरुवात केली.

"मामी, विटेचा काहीतरी वेगळाच उपयोग सांगा," कानातल्या भोंग्यातून आवाज आला.

"भिंत."

"वेगळा हो!"

"दुसरी भिंत," मामी म्हणाल्या आणि स्वतःच शरमल्या.

"बरं, छत्रीचा?"

मामींना छत्री म्हटल्यावर पाऊस आठवला, पाऊस म्हटल्यावर गच्चीत वाळत टाकलेल्या चादरी आठवल्या. तिथून पुढे त्या हलेचनात. काचेपलीकडे यंत्र चालवणारे गृहस्थ भाचीला काहीतरी पुटपुटले. "झोपल्या का?" असंच असणार.

"राहू दे," भाची समजुतीने म्हणाली. "आता काहीच विचार करू नका. नुसत्या पडून राहा."

मामींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि तेवढ्यात थोरली बहीण दारात हलली. तिने मूठ पुढे केली, उघडली. आत बॉबिनची डबी! धाकटी ती मशीनमध्ये बसवते, आणि मशीन चालू होतं. बस्स! हाच शेवट!

पण यंत्रातून बाहेर निघेपर्यंत लक्षात राहिलं नाही तर? हल्ली चष्मा डोळ्यांवर असताना त्या घरभर शोधत. मामींनी जीव खाऊन फुगा दाबला, वर उठायला गेल्या आणि कपाळ आपटलं.

यंत्राची धडधड थांबली, दिवे लागले. दोघंही धावत आली.

"मामी! छातीत दुखतंय?"

"शेवट सुचला!"

"असं नका बोलू हो!" गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला.

"कथेचा! पेन्सिल द्या आधी!"

"पेन्सिल इथे आणता येत नाही हो, तिला पत्रा असतो आणि हे यंत्र म्हणजे मोठं चुंबक!"

"मग तुम्ही तरी पाठ करा! मूठ, डबी, मशीन!"

ते गृहस्थ बिचारे "मूठ, डबी, मशीन" म्हणत बाहेर पळाले.

मामी हलल्याने शेवटची चित्रं वाया गेली. तरी भाची खूश होती. "विटेच्या वेळी सगळं सामसूम होतं. नुसतं पडा म्हटलं आणि काय गडबड उडाली! गंमत म्हणजे आठवताना जागा होणारा भाग आणि कल्पना करतानाचा, बराचसा एकच असतो. यातलं आठवणं किती आणि सुचणं किती, ते काही मला यावरून सांगता येणार नाही."

"सुचणंच ते," मामी कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी शेवट लिहिला आणि हौसेने मोठ्याने वाचून दाखवला. मामा चष्मा पुसत होते.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण आधी भाऊ होते ना?"

"कुठले भाऊ?"

"भिंतीवरच्या घड्याळावरून भांडलेले. धाकटा किल्ली घेऊन निघून जातो, म्हातारपणी परत येतो, मूठ उघडतो. घड्याळ चालू होतं. तुझ्या दुसऱ्या पुस्तकातली कथा. शेवटून तिसरी."

मामी मटकन खुर्चीत बसल्या. खरंच की! यंत्रात पडून त्यांनी स्वतःच्याच घरात चोरी केली होती. मग हळूहळू त्यांची मान वर आली.

"अहो, तुम्हाला काय माहीत?"

मामांचा चष्मा एकाएकी फारच मळका झाला. "मी कुठे वाचतो! चष्मा पुसला की नीट दिसतंय का बघायला काहीतरी हाताशी लागतं."

"शेवटून तिसरी कथा लागते?"

"तिचा टाइप बारीक आहे."

मामींनी कागद पुढे ओढला. लिहिलेला शेवट खोडला आणि पुन्हा लिहायला बसल्या. थोरली मूठ उघडते. धाकटी ती डबी बघते, हसते आणि मशीनवरचं झाकण काढते. सुईखाली अर्धं शिवलेलं झबलं असतं. तिने तशीच दुसरी डबी केव्हाच आणलेली असते. मशीन इतकी वर्षं चालूच असतं, फक्त ती कोणाला सांगत नसते.

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तरी खात्री केलेली बरी. मामींनी कागद मामांसमोर ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "चष्मा फार मळलाय तुमचा."