मोटरबोटीवरून पळणारं होडकं

नव्या जालन्यात बियाण्यांच्या एका पेढीच्या मागच्या दाराला पाटी होती: 'रामकिसन बोराडे, खाजगी गुप्तहेर. खून, दरोडे व हरवलेल्या शेळ्या. नजर घारीची, नाक मुंगीचं, मेंदू स्वतःचा.' पाटी रंगवणाऱ्यानं शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबून "नक्की का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून रामकिसन त्याच्याशी बोलत नव्हता.

पेढीत रामकिसनचं काम म्हणजे बाजरीचे दाणे भिंगाखाली धरून किडके वेगळे करायचे. पण त्याच्या मते ती नुसती नजरेची तालीम होती. आजवर त्यानं एकही खून उलगडला नव्हता, कारण जालन्यात खूनच नीट होत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचा मावसभाऊ कडूबा एका सकाळी घाबराघुबरा होऊन पेढीवर आला, तो बिचारा फक्त रडगाणं सांगायला. आपण केस घेऊन आलो आहोत, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

"दादा, होडकं पळून गेलं. आतापस्तोर तीन डाव."

रामकिसननं भिंग खाली ठेवलं. "कोणाबरोबर?"

झालं होतं असं. मोठ्या दुष्काळात कुंभार पिंपळगावच्या अलीकडं एक तलाव खोदला गेला. गावानं तेव्हा टँकर मागितला होता. कागद वर गेला, या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि चार उन्हाळे उलटल्यावर मंजूर होऊन आला. टँकर नव्हे, मोटरबोट! समुद्रावर कुण्या साहेबानं वापरून सोडलेली, निळी, देखणी. तिच्या पाठीमागं पाण्याला टेकेल अशी एक रुंद फळी होती. साहेब लोक तिच्यावरून पोहायला उतरायचे म्हणे. ओव्हरसियर रामराव तिला 'प्लॅटफॉर्म' म्हणायचे आणि गावातली माणसं तिच्याकडं बघून बदनापूरच्या स्टेशनाची आठवण काढायची. या फळीवर एक छोटं होडकं आडवं ठेवून बांधायचं, म्हणजे बोट बंद पडली तर माणसं त्यात बसून काठाला येतील.

बोट चालवायला कडूबाला घेतलं, कारण विहिरीवरचं डिझेल इंजिन एका हिसक्यात चालू करणारा पंचक्रोशीत तोच. पण रोजंदारीवर. येत्या सोमवारी औरंगाबादहून मोठे साहेब बोट बघायला येणार होते. सगळं बराबर दिसलं तर कडूबा परमनंट होणार आणि तलावाकाठचं सरकारी क्वार्टर त्याला मिळणार. त्या क्वार्टरला नळ होता! कडूबाची बायको कौसल्या लग्न होऊन आल्यापासून लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहत होती. ती नळाचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायची.

आणि इकडं होडकं टिकेना. कडूबा निघताना ते स्वतः बांधायचा, तलावाला फेरी मारून यायचा आणि मागं वळून बघावं तर फळी मोकळी. होडकं पलीकडच्या बाभळीत जाऊन आरामात बसलेलं. रामरावांनी बजावलं होतं, "साहेबांसमोर असं झालं तर परमनंटचं विसर, रोजंदारीसुद्धा संपली."

"चल," रामकिसन म्हणाला. आणि भर मे महिन्यात त्यानं खुंटीवरचा, खास गुप्तहेरीसाठी ठेवलेला रेनकोट अंगात चढवला.

तलावावर पोचताच तो फळीवर पालथा पडला. भिंग डोळ्याला. "सापडलं! खवला! मासे चोरणारी टोळी!"

"दादा, शेंगाचं टरफल हाय ते. म्या न्याहारी करून राह्यलो हुतो."

"टोळीनं शेंगा खाल्ल्या."

"म्या खाल्ल्या."

"म्हंजे टोळी तुझ्यासारखीच दिसून राह्यली," रामकिसन गंभीरपणे म्हणाला. कडूबानं कपाळाला हात लावला.

दुपारपर्यंत टोळी बाद झाली आणि तिच्या जागी परदेशी पाणबुडी आली. पाणबुडी खालून येते, होडकं सोडते आणि हिंदुस्थानातल्या बाजरीची गुप्त माहिती घेऊन जाते. खोली बघावी म्हणून कडूबा पाण्यात उतरला. पाणबुडी जिथं यायची, त्या जागी कमरेइतकं पाणी होतं. "आखूड बांध्याची असंल," रामकिसन म्हणाला.

मग संशय आला रामरावांवर. ते आठवडी बाजाराला निघाले तसा रामकिसन रेनकोटाची कॉलर वर करून त्यांच्या मागं लागला. बाजारात बायांनी त्याला बघितलं, आणि हिवतापाचा फवारा मारणारा आला असं समजून सगळ्या घराकडं पळाल्या. कुणी पिठाचे डबे बाहेर काढले, कुणी पाळण्यातलं पोर उचललं. एका म्हातारीनं तर त्याला हाताला धरून गोठ्यात नेलं. "आधी हितं मार बाबा, लई मच्छर झालेत." तेवढ्यात रामराव वांगी घेऊन घरी गेले.

रविवारी सांजच्याला रामकिसननं कडूबाला समोर बसवलं. आवाज खर्जात नेला. "कडूबा, होडकं बांधतो कोण?"

"मी."

"शेवटचा हात लावतो कोण?"

"मी."

"गुन्हेगार तूच!"

कडूबाचा चेहरा पार उतरला. रामकिसननं त्याच्याकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. तुझ्यात तेवढी अक्कल न्हाई. हा धागा सोडू."

"मंग उद्या काय करू दादा? कौसल्येला काय तोंड दाखवू?"

"उद्या मी साहेबाला सगळं समजावून सांगतो," रामकिसन म्हणाला. तेव्हा कुठं कडूबा खरा घाबरला.

सोमवारी सकाळी कौसल्या भाकरी घेऊन काठावर आली. कडूबा होडकं बांधत होता. ती उभी राहून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अवं, हे काय? हातभर दोर ढिला कशापायी सोडला?"

"बसाय-उठाय मोकळीक नको का त्याला?"

"कोणाला? होडक्याला?"

जन्मभर कडूबानं बैल बांधले होते. जनावराला मान फिरवता आली पाहिजे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. दुष्काळात त्याचा सर्जा बैल गेला, त्यानंतर बांधायला दुसरं काही नव्हतंच. हात आपोआप तसेच चालले.

"आन् ह्या गाठीचं मोकळं टोक?" कौसल्येनं विचारलं.

"पाण्यात लोळू नये म्हणून होडक्यालाच गुंडाळलं."

"म्हंजे दाव्याचं टोक बैलाच्याच तोंडात दिलं! लाट आली की ते घसरून राह्यलं, टोक वढून राह्यलं, गाठ सुटून राह्यली. ते कशाला थांबतंय?"

तिनं पदर खोचला, दोघांनी मिळून पुढून एक आणि मागून एक दोर आवळला, होडक्याला हूं की चूं करता येईना. गाठ मात्र कडूबानं तीच ठेवली, बैलाची, टोक ओढताच सुटणारी. मोकळं टोक बोटीच्या बाजूला, हाताशी.

एवढ्यात जीप आली. साहेब बोटीत चढले, रामराव चढले, आणि रेनकोटातला रामकिसन कुणी अडवायच्या आत मागच्या फळीवर जाऊन उभा राहिला. बोट सुटली. "साहेब, ह्या होडक्यामागं लई मोठं कारस्थान हाय. गुन्हेगार याच बोटीवर..." कारस्थानाचा आकार दाखवायला त्यानं दोन्ही हात पसरले, कडूबानं बोट वळवली आणि गुप्तहेर पाण्यात गेला.

रेनकोटात हवा भरली, मग पाणी भरलं. "मेलो! कडूबा, मेलो!"

साहेब पांढरेफटक पडले. कडूबानं इंजिन बंद केलं, मागं धावला आणि दोन्ही टोकांना एकेक हिसका दिला. सर्जाला नांगराला नेताना द्यायचा, तसाच. होडकं सपकन पाण्यात उतरलं. कडूबानं होडक्यात उडी मारून रामकिसनला कॉलरला धरलं आणि आत ओढलं.

काठावर आल्यावर साहेबांनी कडूबाला ती गाठ पुन्हा बांधायला लावली आणि वाकून बघितली. "एवढं घट्ट, आणि एका हिसक्यात मोकळं! कुठं शिकलास रे?"

"आमच्या सर्जाजवळ, साहेब," कडूबा म्हणाला.

"रामराव, याला परमनंट करा. आजच्या आज."

"मी मुद्दाम पडल्तो," रामकिसन रेनकोट पिळत म्हणाला. "प्रात्यक्षिक."

कौसल्येनं डोळे पुसले, हात जोडले आणि हळूच विचारलं, "साहेब, क्वार्टरच्या नळाला पाणी येतं ना?"

साहेबांनी रामरावांकडं पाहिलं. रामरावांनी तलावाकडं पाहिलं. "नळ बसवलाय साहेब. पाइप अजून यायचाय. कागद वर गेलाय."

रामकिसननं खिशातून ओलं भिंग काढलं. "पाइप बेपत्ता? ही केस माझ्याकडं द्या."

"न्हाई!" कडूबा, कौसल्या आणि रामराव एकदमच ओरडले. साहेबांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.