बघून ठेवलेलं विमान

मकरंद देवस्थळीने आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतः घेतले, आणि त्यातला एक २०१८च्या एप्रिलमध्ये, रविवारी सकाळी, तोंडात पोहे असताना घेतला. कांचन लॅपटॉप उघडून समोर बसली होती. नेपल्सहून गोथेनबर्गचं थेट विमान, जुलैतली तीन तिकिटं. तिने विचारलं, "करू का बुक?"

"आज नको," मकरंद बशीतून मान वर न करता म्हणाला. "नुसतं बघून ठेव. भाडं उतरेल."

(हे त्याने अधिकाराने सांगितलं. ऑकलंडच्या पेनरोजमधल्या ज्या ऑफिसात तो अकरा वर्षं खुर्ची झिजवत होता, तिथे युरोपातल्या एका छोट्या विमान कंपनीचं गणित व्हायचं: कुठल्या मार्गाला किती मागणी, कुठलं विमान ठेवायचं, कुठलं बंद करायचं. घरात विमानातलं कळणारा माणूस म्हणून त्याला मान होता. दुसऱ्या कशाबद्दल नव्हता, म्हणून हा एक तो जपून होता.)

कांचनची धाकटी बहीण सुलेखा गोथेनबर्गला राहते. सहा वर्षांत दोघींची भेट नाही. सुलेखाला मुलगी झाली, ती चार महिन्यांची झाली, पण मावशी आल्याशिवाय बारसं करायचं नाही असा सुलेखाचा हट्ट. त्यामुळे पोर घरात अजून 'बाळ'च होती. इकडे मावशीने सहा कडव्यांचा पाळणा रचला होता आणि भांडी घासताना त्याची तालीम चालायची. शाळेच्या सुट्टीत आठ दिवस इटली, मग नेपल्सहून थेट बहिणीच्या दारात, असा बेत होता. यातली इटली मकरंदला ठाऊक होती. पुढचं त्याने 'स्वीडन' एवढंच लक्षात ठेवलं होतं. स्वीडनमध्ये वेगवेगळी गावं असतात हे त्याने कधी मनावर घेतलं नाही.

बघून ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. साडीच्या दुकानात गादीवर बसून चाळीस साड्या उलगडायला लावायच्या आणि "जरा फिरून येते हं" म्हणून उठायचं, या विद्येत कांचन लहानपणापासून तयार होती. ती रोज चार वेळा विमान बघू लागली. दोन दिवसांत भाडं चढलं. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात वाणसामान घेताना भजनी मंडळातली सुनेत्रा भेटली. ती म्हणाली, "अगं, ते तुझा फोन ओळखतात. दुसऱ्याच्या फोनवरून बघ, हीप्स कमी दिसतं, खूपच." मग मंडळाच्या तेवीस बायका, तेवीस फोनांवरून, दिवसातून चार वेळा नेपल्स-गोथेनबर्ग बघू लागल्या. भाडं आणखी चढलं.

"एवढं चढलंय म्हणजे आता उतरणारच," कांचन म्हणाली. मकरंदने मान डोलावली, कारण त्याला डुलकी लागली होती.

ऑफिसात निराळीच रड होती. दक्षिण युरोपातून उत्तरेकडे जाणाऱ्या सहा मार्गांपैकी एक बंद करायचा होता. उन्हाळ्यात उत्तरेकडची माणसं ऊन खायला खाली येतात. ऊन सोडून वर जाणारे तसे थोडेच. कुठला बंद करायचा हे मकरंदने सुचवायचं होतं. त्याच्या तक्त्यात गावांची नावं नसत, नंबर असत. एकेचाळीस नंबर बघून तो जरा जागा झाला. तीन आठवड्यांत न्यूझीलंडमधून एकोणीसशे वेळा चौकशी, आणि तिकीट एकही नाही. चौकशी वाढली की भाडं आपोआप चढावं, ही सोय मकरंदनेच बसवलेली. ते इतकं चढलं होतं की नेहमीचे उतारूही पळाले होते. त्याने शेरा लिहिला, 'ही मागणी खोटी आहे. लोक नुसते बघतात.' आणि एकेचाळीसवर लाल रेघ मारली.

"स्वीट अ‍ॅज, मॅक," साहेब ब्रॅड खूश होऊन म्हणाला आणि शेरा तसाच युरोपात पाठवला. अकरा वर्षांत प्रथमच मकरंदचं म्हणणं कोणी एका फटक्यात मानलं होतं. त्या दिवशी घरी येताना तो रोजच्याइतका दमलेला नव्हता.

"आज एक गंमत," जेवताना भात कालवत तो म्हणाला. "आपल्या न्यूझीलंडात कोणी रिकामटेकडे लोक आहेत. एकच विमान एकोणीसशे वेळा बघितलं आणि घेतलं नाही. शेवटी बंदच करून टाकलं मी ते."

चौदा वर्षांच्या इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, दॅट्स आई."

कांचनच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "कुठून कुठे जाणारं विमान?"

"एकेचाळीस नंबर."

"मी गाव विचारतेय, मकरंद."

मकरंदने उष्ट्या हाताने लॅपटॉप उघडला. एकेचाळीस नंबर शोधला. नेपल्स, गोथेनबर्ग.

"हे गोथेनबर्ग," त्याने विचारलं, "स्वीडनच्या जवळ आहे का?"

(काही प्रश्न मनातच विचारायचे असतात.)

कांचनने त्याचा शेरा वाचला. "मागणी खोटी? सहा वर्षं बहिणीचं तोंड बघितलं नाही मी. बाळाला अजून नाव नाही. रोज चार-चार वेळा ते पान उघडून बसायचे. याहून खरी मागणी कशी असते, तेही लिही तिथे." आणि ती रडायला लागली. एरवी ती भांडते, आणि भांडणाची मकरंदला सवय आहे. त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा नेहमीप्रमाणे कोणाला काही उपयोग नव्हता.

सकाळी त्याने ब्रॅडला गाठून एकेचाळीस परत चालू करता येईल का विचारलं.

"यू सेड इट वॉज फेक, मेट."

"इट वॉज माय वाइफ."

ब्रॅडने कॉफी खाली ठेवली. "हॅव यू टोल्ड हर?"

"शी टोल्ड मी."

पण आपण झोपतो तेव्हा तिकडे दिवस असतो. कंपनीने रातोरात मार्ग बंद झाल्याचं जाहीर करून टाकलं होतं, वर अचूक शेऱ्याबद्दल मकरंदचे आभार मानले होते.

तीन दिवस घरात पाळणा ऐकू आला नाही. भांडी मुकाट्याने घासली जात होती. मकरंदने एकदा न सांगता ती स्वतः घासली, तेव्हा कांचनने ती पुन्हा घासली.

चौथ्या दिवशी तो दारात आला तर आत पाळण्याचं तिसरं कडवं चाललेलं, तेही वरच्या पट्टीत. त्याचा जीव भांड्यात पडला. टेबलावर तिकिटं होती. इटली नाही, नेपल्स नाही. ऑकलंडहून दोन ठिकाणी विमान बदलत सरळ गोथेनबर्ग. एकदाही बघून न ठेवता, उघडल्या उघडल्या घेतलेली. त्याने चष्मा लावला. एक तिकीट कांचनचं होतं, दुसरं इराचं. त्याने दोन्ही कागद उलटून पाहिले, खाली काही पडलंय का तेही पाहिलं.

"आणि माझं?"

कांचनने कडवं पुरं केलं, नळ बंद केला, हात पुसले.

"तुझं ना," ती म्हणाली, "बघून ठेवलंय."